प्रश्न कुणाला विचारायचा? : जव्हार-मोखाड्यातल्या परिसंवादांविषयी

निमंत्रणपत्रिका अजून माझ्या कपाटात आहे. गुळगुळीत कागद, डाव्या कोपऱ्यात वारली चित्रातला तारपावाला, मधोमध ठळक अक्षरांत विषय : 'आदिवासी भागातील कुपोषण – कारणे व उपाय'. त्याखाली पाच तज्ज्ञांची नावे पदव्यांसह, आणि अगदी तळाशी, 'सूत्रसंचालन' या शब्दापुढे माझे. स्थळ जव्हार, वेळ सकाळी अकरा, महिना डिसेंबर.

महिन्यातच घोळ होता, पण तो मला तेव्हा कळला नाही. जव्हारला मी तीस वर्षे मराठी शिकवले. आवाज बरा, उच्चार स्वच्छ, प्रसंगी चार ओळी पाठ. एवढ्या भांडवलावर या दोन तालुक्यांत सूत्रसंचालक म्हणून माझे नाव झाले होते. ग्रंथालयाचा वर्धापनदिन असो की कुणाचा निरोपसमारंभ, माइक माझ्या हाती यायचा. परिसंवाद म्हणजे वक्त्यांची ओळख करून द्यायची, दोन भाषणांमधला सांधा जुळवायचा आणि वेळ संपल्याची चिठ्ठी सरकवायची, अशी माझी समजूत होती.

त्या दिवशीचा हिशेब मी नंतर मांडून पाहिला. अकराचा कार्यक्रम अकरा पन्नासला सुरू झाला, कारण प्रमुख पाहुण्यांची गाडी घाटात मागे राहिली. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ आणि प्रास्ताविक यांत पस्तीस मिनिटे गेली. पहिल्या वक्त्यांना बारा मिनिटे दिली होती, ते सत्तावीस बोलले. दुसरे बावीस. तिसऱ्यांनी पडद्यावर तक्ते दाखवले, ते मागच्या रांगेतून दिसत नव्हते. त्यांना पंचवीस लागली. उरलेल्या दोघांना मी 'थोडक्यात' असे म्हणालो, आणि ते बिचारे खरोखरच थोडक्यात बोलले. प्रश्नोत्तरांना पाच मिनिटे उरली. ती एका गृहस्थांनी प्रश्न म्हणून भाषण करण्यात संपवली. मग आभार, मग जेवण. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत 'विचारमंथन' हा शब्द होता.

जेवणाच्या रांगेत माझ्यामागे एक अंगणवाडीताई उभ्या होत्या. सभागृहात त्या शेवटून दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. मी सहज विचारले, "कसा झाला कार्यक्रम?"

"चांगला झाला, सर." मग जरा थांबून म्हणाल्या, "माझ्या पटावर बेचाळीस मुलं आहेत. आज गेलं तर नऊ सापडतील. बाकीची आईबापांबरोबर भट्टीवर. जायच्या आधी मी वजन केलेलं असतं, होळीला परत आली की पुन्हा करते. मधले चार महिने त्यांचं वजन कोण करतं, तेवढं मला विचारायचं होतं."

"मग विचारलं का नाहीत?"

"साहेब समोर बसलेले. आणि वेळ कुठे होता?"

पाच तज्ज्ञ दीड तास बोलले होते. आकडे खरे की खोटे, आहार पुरेसा की अपुरा, अंधश्रद्धा किती, बालविवाह किती, सगळे झाले. विटभट्टी हा शब्द एकदाही आला नव्हता. आणि डिसेंबर महिन्यात, ज्यांच्याविषयी बोलणे चालले होते ती माणसे वसई, भिवंडी, कल्याणकडच्या भट्ट्यांवर होती. आम्ही रिकाम्या पाड्यांविषयी परिसंवाद घेत होतो.

*

हा विषय इथे हौसेचा नाही. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत १९९२ साली बालमृत्यू झाले आणि तेव्हापासून आमच्या तालुक्यांची नावे महाराष्ट्राला एकाच संदर्भात पाठ झाली. त्यानंतर समित्या आल्या, योजना आल्या, न्यायालयात याचिका झाल्या. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा वेगळा जिल्हा झाला, पुढच्या वर्षी अमृत आहार योजना आली. या सगळ्याबरोबर बैठका, कार्यशाळा आणि परिसंवादही आले. किती झाले ते मोजलेले नाहीत, पण त्यांतल्या बऱ्याच कार्यक्रमांचा मी साक्षीदार आहे आणि काहींचा गुन्हेगारही. म्हणून निवृत्तीनंतर मी या प्रकाराचाच थोडा अभ्यास करायचे ठरवले.

मराठी सभेची घडण व्याख्यानाची आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने सुरू झाली. १८७८ मध्ये ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले, त्याचे अध्यक्षही तेच. एकाने बोलायचे, बाकीच्यांनी ऐकायचे, शेवटी अध्यक्षांनी समारोप करायचा : ही रीत आपल्या हाडीमाशी इतकी मुरली की पुढे परिसंवाद आला तेव्हा आपण त्याचेही पाच छोट्या व्याख्यानांचे गाठोडे केले. काकासाहेब गाडगिळांनी 'सभाशास्त्र' हे पुस्तक लिहिले. सभा शिस्तीत कशी चालवावी हे मराठी वाचकाला शिकवण्याची गरज त्यांना वाटली. संवाद कसा चालवावा याचे शास्त्र मात्र आपण फारसे मनावर घेतले नाही.

व्यासपीठावर कोण बसावे, हा प्रश्नही जुनाच. १८८५ मध्ये दुसऱ्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण जोतीराव फुल्यांना गेले. त्यांनी पत्र पाठवून नकार दिला. ज्यांच्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या जगण्याला जागा नाही, त्यांच्या मेळ्यात आपण मिसळून उपयोग काय, असा त्या पत्राचा रोख होता. ते पत्र मी वर्षानुवर्षे वर्गात शिकवले. डिसेंबरच्या त्या दुपारनंतर ते पहिल्यांदा मला उद्देशून लिहिल्यासारखे वाटले.

बाहेर पाहिले तर निराळे नमुने दिसतात. बीबीसी रेडिओवर १९४१ साली 'ब्रेन्स ट्रस्ट' नावाने पुढे गाजलेला कार्यक्रम सुरू झाला. श्रोत्यांनी पाठवलेले प्रश्न त्यात विचारत आणि ते वक्त्यांना आधी दाखवलेले नसत. ठरलेले वक्ते तीन : जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्सले, तत्त्वज्ञ जोड आणि जग फिरलेले निवृत्त नौदल अधिकारी कमांडर कॅम्पबेल. जोडसाहेब 'तुम्ही या शब्दाचा अर्थ काय घेता त्यावर अवलंबून' अशी सुरुवात करण्यासाठी प्रसिद्ध होते. आपल्याकडेही असे वक्ते आहेत, ते प्रसिद्ध नाहीत एवढेच. मला या रचनेत रस वाटतो तो तिसऱ्या खुर्चीमुळे. दोन विद्वानांच्या शेजारी एक माणूस केवळ पाहिलेले-भोगलेले सांगायला बसवला होता.

तिसऱ्या खुर्चीसाठी विलायतेला जायची गरज नाही. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन भरले होते. तलासरीकडचे काही वारली तिथे श्रोते म्हणून गेले होते. त्यांतले झरी गावचे माह्या धांगडा व्यासपीठावर चढून बोलले. वेठ म्हणजे काय, लग्नगडी म्हणजे काय, हे सभेने त्यांच्याच तोंडून ऐकले. त्याच वर्षी २३ मे रोजी झरीला वारल्यांची परिषद झाली आणि वेठबिगारीविरुद्धच्या लढ्याला तिथून तोंड फुटले. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये हा इतिहास आहे. लढ्याची कारणे मोठी होती, एका भाषणाने काही होत नाही, हे मान्य. पण टिटवाळ्याला कुणी सूत्रसंचालकाने 'आता वेळ संपली' अशी चिठ्ठी पाठवली असती तर?

*

दोन वर्षांनी मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर आम्ही पुन्हा परिसंवाद घेतला. 'आम्ही' म्हणजे त्याच ताई, एक बालरोगतज्ज्ञ, दोन तरुण कार्यकर्ते आणि मी. तयारीला सात आठवडे लागले.

त्यांतले तीन केवळ प्रश्न ठरवण्यात गेले. 'कारणे व उपाय' हा विषय वक्त्याला काहीही बोलायची मुभा देतो. प्रत्येकजण आपले जुने टिपण घेऊन येतो. आम्हाला असा प्रश्न हवा होता की ज्याचे उत्तर कुणा एकाकडे पुरे नसेल. शेवटी ताईंनी रांगेत सांगितलेलाच घेतला : 'दिवाळीनंतर भट्टीवर गेलेल्या मुलाचे वजन होळीपर्यंत कुणाच्या वहीत असते?' कार्यकर्त्यांपैकी एकाला हा विषय फार लहान वाटला. मला वाटते, परिसंवादाचा विषय दाराच्या कडीएवढा असावा; हाताला लागला पाहिजे.

प्रश्न ठरल्यावर माणसे आपोआप ठरत गेली. डॉक्टर हवे, कारण दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर मूल अतितीव्र कुपोषित धरतात, हे नीट सांगायला कुणीतरी हवे. बालविकास प्रकल्पातले अधिकारी हवेत. अंगणवाडीताई हव्यात. भट्टीवर चार हंगाम काढलेली एक आई हवी. आणि भट्टीचा मुकादम हवा. या शेवटच्या नावाला सगळ्यांचा विरोध होता. पण पावसाळा सरता सरता उचल तोच देतो, कोणते कुटुंब कुठे जाणार हे त्यालाच ठाऊक असते. हजार विटांमागे मजुरी ठरते आणि ती जोडप्याला मिळून मिळते. बाई पोराला पाजायला उठली तर तेवढ्या विटा कमी पडतात. हे गणित त्याच्याइतके कुणाला पाठ नव्हते. गावातलाच माणूस. दोनदा त्याच्या ओटीवर जाऊन बसलो तेव्हा तो यायला तयार झाला, तेही एका अटीवर : "गुरुजी, मला बोलावून माझी फजिती करायची नाही." मी शब्द दिला.

प्रत्येकाला आधी एकेकटे भेटायचे, ही गोष्ट मी या खेपेला शिकलो. भाषण मागायचे नाही. गप्पा मारायच्या आणि कोणत्या मुद्द्याला माणूस जरा पुढे सरकून बसतो ते पाहून ठेवायचे. अधिकारी सरकल्या त्या 'नाव एका गावात, मूल दुसऱ्या गावात' या वाक्याला. डॉक्टर मुलांच्या खोकल्याला. ज्या आईला बोलावले होते ती कशालाच सरकली नाही, नुसती नागलीच्या भाकरी थापत राहिली. निघताना मात्र म्हणाली, "दुसरी बाई आणते बरोबर. एकटी नाही बोलायची." म्हणून आम्ही सहाऐवजी सात जागा केल्या. सभेत एकटी बाई असली की ती कमी बोलते, हे अमेरिकेतल्या प्रयोगांतही दिसलेले आहे; पाड्यावरच्या बाईला त्यासाठी प्रयोगाची गरज पडली नाही.

तारीख ऑक्टोबरातली, हळवे भात कापून झाल्यावर आणि ट्रक यायच्या आधी. वेळ दुपारी चार. जागा शाळेचा व्हरांडा. खुर्च्या, टेबल, फुलदाणी काही नाही, सतरंज्या अर्धगोलात. तारप्याच्या नाचात नाचणारे तारप्याला पाठ दाखवत नाहीत, हे इथल्या पोरालाही ठाऊक असते; त्यामुळे अर्धगोल का, हे कुणाला समजावावे लागले नाही. दीपप्रज्वलन वगळले, त्यावरून थोडी नाराजी झाली. भाषेची अडचण मोठी होती. व्हरांड्यात वारली होते, कोकणा होते, चार घरे कातकऱ्यांची. अधिकाऱ्यांची मराठी कागदावरची आणि माझी पुस्तकातली. दोन तरुणांना आम्ही फक्त एवढेच काम दिले, की 'संदर्भसेवा', 'लाभार्थी' असा शब्द आला की हात वर करायचा. पहिल्या वीस मिनिटांत अकरा हात वर झाले. मग कमी होत गेले.

प्रत्येकाने सुरुवातीला तीन मिनिटे बोलायचे आणि फक्त आपण पाहिलेले सांगायचे, असे ठरले होते. सुरुवात कुणापासून करायची यावर मी बराच विचार केला. दहा देशांतल्या जवळपास अडीचशे विद्यापीठीय चर्चांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला; तिथे पहिला प्रश्न पुरुषाने विचारला की पुढे बायकांचे प्रश्न कमी येतात असे आढळले. सुशिक्षितांची ही तऱ्हा, तर शाळेच्या व्हरांड्यात काय होणार? मी माइक, म्हणजे बोलायची पाळी, त्या दोघींकडे दिली.

त्या गप्प.

शिक्षिकांवर आणि शिक्षकांवर संशोधन केलेल्या मेरी बड रो या अमेरिकन बाईंनी सत्तरच्या दशकात दाखवले होते, की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदभर थांबतात आणि मग स्वतःच बोलू लागतात. तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरे लांब आणि विचारपूर्वक होतात. तीस वर्षे मीही एका सेकंदाचाच मास्तर होतो. त्या दिवशी मी मनात अंक मोजले. दहा, पंधरा. अधिकारी अस्वस्थ होऊन माझ्याकडे पाहू लागल्या. विसाच्या पुढे कधीतरी दुसरी बाई, जी आयत्या वेळी आली होती, आपल्या बोलीत बोलू लागली. भट्टीवर पहाटे तीनला उठतात. मूल पालाखाली झोपलेले असते. जाग आली तर मोठी बहीण बघते. ती बहीण सात वर्षांची. दुपारी भात असतो, पण भरवायला हात मोकळे नसतात.

डॉक्टरांनी आपली तीन मिनिटे सोडून दिली आणि तिलाच विचारले, "बहीण भरवते का?" पुढचा पाऊण तास मला फारसे काम नव्हते.

मग तो प्रसंग आला, ज्याची मला भीती होती. श्रोत्यांतल्या एकाने मुकादमावर तोफ डागली : उचल देऊन माणसे विकत घेता, पोरे मारता. टाळ्या पडल्या. मुकादम उठून उभा राहिला, चपला शोधू लागला. मी शब्द दिलेला होता. दुसरीकडे, आरोपात तथ्य नाही असे म्हणणेही खोटेपणाचे झाले असते. सूत्रसंचालकाला अशा वेळी शेर आठवतो आणि तो म्हणून वेळ मारून न्यायची सवय असते. मी कसाबसा म्हणालो, "दादा, बसा. मला एकच आकडा पाहिजे. गेल्या हंगामात तुमच्या भट्टीवर सहा वर्षांखालची पोरं किती होती?"

तो बसला. आठवू लागला. "माणसं सांगतो, जोडपी बावीस. पोरं... पोरं कोण मोजतं, गुरुजी?"

पहिली बाई, भाकऱ्या थापणारी, तोवर गप्प होती. ती बोटांवर घरे मोजू लागली. अमक्याची दोन, तमक्याचे एक, त्याचे तिथेच झालेले एक. शेजारणीने दोन नावे भरीला घातली. "सतरा," ती म्हणाली.

अधिकाऱ्यांनी वही उघडून तो आकडा लिहिला. त्यांच्या नोंदीत त्या भट्टीवर एकही मूल नव्हते, हे त्यांनी स्वतःहून सांगितले. मुकादमही मग म्हणाला, की भट्टीजवळच्या अंगणवाडीत एकदा दोन बायका गेल्या होत्या, पण नाव तिकडच्या यादीत नाही म्हणून परत आल्या. नंतर कुणी गेले नाही, रोज मोडतो. ही गोष्ट आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हती.

शेवट कसा करायचा, हे मी एका सरकारी अधिसूचनेतून उचलले होते. प्रकल्पांच्या पर्यावरणविषयक जनसुनावणीचे नियम १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेत आहेत. सुनावण्या प्रत्यक्षात कशा होतात ते सोडा, पण त्यात एक उत्तम कलम आहे : सुनावणी संपताना इतिवृत्त तिथेच, लोकांना कळेल अशा स्थानिक भाषेत वाचून दाखवायचे. परिसंवादाला समारोपाचे अध्यक्षीय भाषण असते; आम्ही त्याऐवजी हे वाचन ठेवले. पाच वाक्ये होती. चौथ्यात मी लिहिले होते, 'स्थलांतरित बालकांना सेवा मिळण्यात काही अडचणी येतात.' दोन्ही तरुणांचे हात वर झाले. ताई म्हणाल्या, "सर, ती परत पाठवली असं म्हणाला ना तो. तसंच लिहा." अधिकारी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "लिहा." मी खोडून लिहिले.

बोलण्याने पोट भरत नाही, हा आक्षेप मला रास्त वाटतो. स्थलांतरित माता-बालकांचा मागोवा घेणारी संगणकीय प्रणाली पुढे राज्याच्या महिला व बालविकास विभागाने आणली, तिच्या प्रायोगिक जिल्ह्यांत पालघरही होता. त्याचे श्रेय आमच्या व्हरांड्याला घेण्याचे काही कारण नाही. आमच्याकडून घडले ते एवढेच : ताईंनी सतरा नावांची यादी हाताने लिहून तीन प्रती केल्या. एक अधिकाऱ्यांकडे, एक भट्टीजवळच्या अंगणवाडीसाठी, एक मुकादमाच्या खिशात. तिसरी प्रत पोहोचेल यावर माझी पैज नव्हती. ती पोहोचली.

होळीला माणसे परतली तेव्हा ताईंनी मला वही दाखवायला बोलावले. सतरांपैकी अकरा नावांपुढे जानेवारी आणि फेब्रुवारीची वजने होती, तिकडच्या सेविकेच्या तिरप्या अक्षरात. चार मुलांचे वजन घटलेले होते आणि त्यांतल्या एकापुढे दवाखान्यात पाठवल्याची नोंद होती. सहा नावांपुढचे रकाने कोरे. ती कुटुंबे मध्येच दुसऱ्या भट्टीवर गेली होती, तिकडे मुकादम वेगळा होता. ताईंनी त्याचे गाव शोधून ठेवले होते. विक्रमगडच्या बाजूला, आठवडी बाजाराच्या दिवशी भेटतो म्हणाल्या.